देवी, घुबड आणि हजेरीपट

अमेरिकेतील टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल. तेथील सेंटेनियल पार्क या सार्वजनिक बागेत ग्रीकांच्या अथीना देवीचे एक मंदिर उभे आहे. इ. स. पू. पाचव्या शतकात अथेन्सच्या टेकडीवर जे पार्थेनॉन मंदिर बांधले गेले, त्याची ही पूर्ण आकाराची प्रतिकृती होय. मूळ मंदिर आज भग्न आहे आणि त्यातील मूर्ती तर प्राचीन काळाच्या अखेरीसच नाहीशी झाली. नॅशव्हिलला मात्र मंदिरही धडधाकट आहे आणि गाभाऱ्यात देवीही उभी आहे. या देवीचे मुख ज्या नाण्यांवर उमटविले जाई, ती चांदीची नाणी जगभरच्या संग्रहालयांत आणि हौशी संग्राहकांच्या पेट्यांत पाहावयास मिळतात.

जुनी मंदिरे पाहणे आणि जुनी नाणी जमविणे हे सुखवस्तू माणसांचे छंद समजले जातात. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयात, आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात तारखेची वाट पाहत बसलो असताना. तेव्हा संघटनेच्या कार्यकर्त्याने ग्रीक देवीविषयी का बोलावे, अशी शंका कोणाला आल्यास ती वावगी नाही. आमचे उत्तर सरळ आहे. मंदिर म्हटले की बांधणारे हात आले, आणि नाणे म्हटले की मजुरी आली. अथेन्सच्या लोकांनी या दोन्हींचे हिशेब दगडावर कोरून चारचौघांत उभे केले होते. त्यांतील काही तुकडे आजही शाबूत आहेत. पगारपत्रके आणि मस्टर वाचण्यात आमची तीस वर्षे गेली आहेत; भाषांतराच्या आधाराने का होईना, हे हिशेब वाचताना आम्हांला फारसे परके वाटले नाही.

मंदिर की खजिना?

प्रथम मूळ मंदिराची ओळख करून घेऊ. पार्थेनॉनचे काम इ. स. पू. ४४७ मध्ये सुरू झाले. ४३८ मध्ये देवीची मूर्ती प्रतिष्ठित झाली आणि ४३२ पर्यंत शिल्पकाम पुरे झाले. पेरिक्लीस हा त्या वेळी अथेन्सचा पुढारी. इक्टिनस व कॅलिक्रेटीस हे स्थापत्यकार, आणि शिल्पकार फिडियस याच्याकडे एकंदर देखरेख. पेंटेलिकस डोंगराचा पांढरा संगमरवर. दर्शनी बाजूस आठ आणि लांबीच्या बाजूस सतरा खांब. बाहेरचे सगळे मिळून शेहेचाळीस.

आपल्याकडील देवळाची कल्पना मनात धरून पार्थेनॉनकडे पाहिले तर गोंधळ होतो. आपल्याकडे भक्त आत जातो, दर्शन घेतो, घंटा वाजवतो. ग्रीकांचा यज्ञ व बळी बाहेर, उघड्यावरील वेदीपाशी होत असे. देवीची पुरातन, भाविकांची खरी लाडकी मूर्ती ऑलिव्हच्या लाकडाची होती आणि ती पार्थेनॉनमध्ये नव्हतीच. पार्थेनॉनमधील मूर्ती सोन्याची आणि हस्तिदंताची. आणि मंदिराचा उपयोग मुख्यतः मौल्यवान वस्तू ठेवण्यासाठी. तेथील चांदीच्या वाट्या, मुकुट, आसने यांच्या वार्षिक याद्या दगडावर कोरलेल्या सापडल्या आहेत.

मूर्तीवरील सोन्याची गोष्ट तर फारच बोलकी आहे. इ. स. पू. ४३१ मध्ये स्पार्टाशी युद्ध जुंपले, तेव्हा पेरिक्लीसने नागरिकांपुढे राज्याच्या साधनांची मोजदाद केली. थ्युसिडिडीस या इतिहासकाराने ती नोंदवून ठेविली आहे. टेकडीवर सहा हजार टॅलंट नाण्यांच्या रूपात चांदी, मांडलिक नगरांकडून दर वर्षी येणारे सहाशे टॅलंट, आणि शिवाय देवीच्या अंगावरचे चाळीस टॅलंट शुद्ध सोने. एक टॅलंट म्हणजे सुमारे सव्वीस किलो. म्हणजे देवीच्या अंगावर हजार किलोंहून अधिक सोने होते. ते पत्र्यांच्या रूपात, काढता येईल असे बसविले होते. अडचण आली तर ते वापरावे, परंतु पुढे तितकेच परत करावे, असे पेरिक्लीसने सांगितले. आपल्या भाषेत ज्याला गंगाजळी म्हणतात, ती ही. युद्धाच्या काळात अथेन्सने देवीच्या खजिन्यातून कर्जे काढली, आणि त्यांचा हिशेब व्याजासकट दगडावर कोरला गेला. पुढे इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर लॅकॅरीस नावाच्या हुकूमशहाने भाडोत्री सैनिकांचे पगार देण्यासाठी ते सोने काढून घेतले असे सांगतात. परत करण्याची गोष्ट त्याच्या डोक्यात नव्हती.

आणि हा पैसा आला कोठून? इराणच्या आक्रमणाविरुद्ध ग्रीक नगरांनी एक संघ केला होता. सगळ्यांनी वर्गणी द्यावयाची, आणि अथेन्सने आरमार सांभाळावयाचे. संघाचा खजिना डीलॉस बेटावर असे. तो इ. स. पू. ४५४ मध्ये अथेन्सला हलविण्यात आला. तेव्हापासून प्रत्येक वर्गणीतील साठावा हिस्सा अथीना देवीला, असा शिरस्ता पडला. कोणत्या गावाकडून देवीला किती, याच्या याद्या उंच शिळांवर कोरलेल्या आहेत. वर्गणीचा कर कधी झाला हे सभासदांना कळलेच नाही. कळले तेव्हा बाहेर पडण्याची सोय उरली नव्हती. मित्रांच्या पैशाने पेरिक्लीस आपले शहर नटवीत आहे, अशी टीका खुद्द अथेन्समध्येही झाली. संघटनेच्या निधीवर ज्यांनी काम केले आहे, त्यांना या प्रकरणातील धडा समजावून सांगावा लागणार नाही.

नॅशव्हिलचे देऊळ

आता प्रतिकृतीकडे वळू. टेनेसी राज्याच्या शताब्दीनिमित्त १८९७ साली नॅशव्हिलला मोठे प्रदर्शन भरले. हे शहर स्वतःस 'दक्षिणेचे अथेन्स' म्हणवून घेत असे. म्हणून प्रदर्शनात कलादालन म्हणून पार्थेनॉन उभारण्यात आला. विटा, लाकूड आणि प्लास्टर यांचे ते काम तात्पुरते होते. प्रदर्शन संपताच इतर इमारती पाडल्या गेल्या, पण या इमारतीवर लोकांचा जीव जडला होता. ती पाडली गेली नाही. ती आपोआप झिजू लागली. शेवटी १९२० मध्ये पक्क्या काँक्रीटमध्ये नव्याने बांधकाम सुरू झाले आणि १९३१ मध्ये मंदिर लोकांसाठी खुले झाले.

आमच्या नात्यातील एक कुटुंब अमेरिकेत असल्यामुळे आम्हांला ते पाहण्याचा योग आला. खालच्या मजल्यावर चित्रांचे दालन आहे. तेथून वर गेले की एकदम देवीसमोर आपण येतो. अंग चोरून उभे राहावे असा तो आकार आहे. पायथ्यासकट उंची सुमारे बेचाळीस फूट. उजव्या हातावर विजयदेवता, आणि तीसुद्धा पुरुषभर उंचीहून मोठी. डाव्या बाजूस ढाल, ढालीच्या आत वेटोळे घातलेला नाग. ही मूर्ती अ‍ॅलन लक्वायर या शिल्पकाराने आठ वर्षे खपून घडविली आणि ती १९९० साली लोकांपुढे आली. पोलादी सांगाड्यावर जिप्सम व काचतंतू यांचे ते काम आहे. मूर्तीसाठी लागलेल्या पैशाचा काही भाग पाहुण्यांनी आणि शाळेतल्या मुलांनी पेटीत टाकलेल्या चिल्लरीतून जमला होता. सोन्याचा वर्ख २००२ मध्ये चढविला. तो आठ पौंडांहून थोडा अधिक, म्हणजे चार किलोंच्या आतबाहेर. कोठे हजार किलो आणि कोठे चार! पण डोळ्यांना चमक तितकीच दिसते. ही मूर्ती कोणाला विकता येणार नाही, वितळवता येणार नाही, तिच्यावर कर्ज काढता येणार नाही. मूळ देवीपेक्षा या देवीचे हे एक सुख.

इमारतीत आम्ही अधिक वेळ रेंगाळलो तो बाहेर, खांबांपाशी. पार्थेनॉनमध्ये सरळ रेषा जवळजवळ नाही. जोत्याची फरशी मध्यभागी उचललेली आहे: अरुंद बाजूस सुमारे सहा सेंटिमीटर, लांब बाजूस सुमारे अकरा. खांब किंचित आत कललेले आणि मध्ये किंचित फुगीर. हा बाक प्रतिकृतीतही राखलेला आहे. संगमरवरात असा बाक छिन्नीने काढता येतो. काँक्रीटमध्ये तो काढावयाचा म्हणजे साचा बांधणाऱ्या सुतारांची परीक्षा. ज्याने आयुष्यात एकदा तरी शटरिंगच्या फळ्या ओळंब्यात लावल्या आहेत, त्याला या कामाची किंमत कळेल. मार्गदर्शक पुस्तिकांत शिल्पकार आणि स्थापत्यकार यांची नावे भेटतात. त्या सुतारांची भेटत नाहीत. मूळ अथेन्समध्ये मात्र ती भेटतात. तिकडे आपण पुढे येऊच.

घुबडाचे नाणे

देवीचे नाणे पाहू. अथेन्सचे प्रसिद्ध नाणे म्हणजे चार द्राख्मांचे, सुमारे सतरा ग्रॅम वजनाचे, जाडजूड चांदीचे. एका बाजूस शिरस्त्राण घातलेली अथीना. शिरस्त्राणावर ऑलिव्हची तीन पाने. दुसऱ्या बाजूस तिचे लाडके घुबड, अंग बाजूला आणि तोंड आपल्याकडे. मागे ऑलिव्हची डहाळी व चंद्रकोर, पुढे अथेन्सच्या नावाची तीन अक्षरे. आपल्याकडे घुबडाला अशुभ मानतात, पण लक्ष्मीचे वाहनही मानतात. अथेन्समध्ये मात्र घुबड म्हणजे सरळसरळ रोकड. लोक नाण्याला 'घुबड'च म्हणत. नाटककार अ‍ॅरिस्टोफेनीसने तर लॉरियनची घुबडे थैलीत घरटे करून चिल्लरीची पिल्ले घालतील, असा विनोद केला आहे. जेथे मुळात भरपूर आहे तेथेच आणखी नेण्याला 'अथेन्सला घुबडे नेणे' म्हणत.

नाणे पाडण्याची रीत साधी होती. देवीच्या मुखाचा ठसा ऐरणीत बसविलेला. त्यावर तापविलेली चांदीची चकती ठेवावयाची, वरून घुबडाचा ठसा धरावयाचा, आणि घणाचा एक घाव. घाव तिरका बसला की देवीच्या शिरस्त्राणाचा तुरा चकतीबाहेर गेलाच. म्हणून दोन घुबडे तंतोतंत सारखी मिळत नाहीत. संग्राहक तुरा पूर्ण असलेल्या नाण्याला अधिक किंमत देतात. आम्हांला मात्र अर्धवट तुऱ्याचे नाणे जवळचे वाटते. त्यात घण मारणाऱ्याचा तो एक दिवस सापडतो: भट्टीचा धग, मुकादमाची घाई आणि किंचित चुकलेला हात.

इ. स. पू. दुसऱ्या शतकात अथेन्सने नव्या घडणीची नाणी काढली. त्यांवरील देवीचे शिरस्त्राण तीन तुऱ्यांचे, अगदी फिडियसच्या मूर्तीसारखे आहे. मूळ मूर्ती कशी होती हे कळण्यास ही नाणी, नंतरच्या काळातील अथेन्सची तांब्याची नाणी आणि १८८० मध्ये अथेन्सला सापडलेली एक लहान संगमरवरी नक्कल, अशा साधनांचा उपयोग होतो. म्हणजे मंदिरावरून नाणे कळते, तसे नाण्यावरून मंदिरातील मूर्तीही कळते.

चांदी कोठून आली?

अथेन्सच्या दक्षिणेस लॉरियन येथे चांदीच्या खाणी होत्या. इ. स. पू. ४८३ च्या सुमारास तेथे समृद्ध शिरा लागली. मिळालेले धन नागरिकांनी माणशी दहा द्राख्मा वाटून घ्यावे असे ठरत होते. थेमिस्टोक्लीसने ते जहाजांवर खर्च करावयास लावले. तीच जहाजे तीन वर्षांनी सॅलॅमिसच्या लढाईत इराणी आरमाराविरुद्ध उपयोगी पडली. इतिहासाच्या पुस्तकांत ही गोष्ट मोठ्या अभिमानाने येते, आणि ती अभिमानाची आहेही.

पण शिरा फोडणारे कोण? ते गुलाम होते. काही विवरे शंभर मीटरांहून खोल, आणि आतील बोगदे इतके ठेंगणे की माणसाने ओणवे किंवा आडवे होऊन छिन्नी चालवावी. उजेडाला तेलाचा दिवा. वर आणलेला धोंडा कुटावयाचा, पाण्याच्या उतरत्या फरशीवर धुऊन जड खनिज वेगळे करावयाचे, भट्टीत गाळून शिसे काढावयाचे. मग ते शिसे पुन्हा तापवून त्यावर हवा मारावयाची. शिशाची राख होते आणि तळाशी चांदीचा गोळा उरतो. शिशाची वाफ फुफ्फुसांत जाते तेव्हा काय होते, हे धातूच्या भट्ट्यांतील कामगारांच्या वस्तीत राहिलेल्या माणसाला विचारावे.

झेनोफोन या लेखकाने एक करार नोंदविला आहे. निसियस हा अथेन्सचा धनाढ्य सेनापती. त्याने आपले एक हजार गुलाम खाणीसाठी सोसियस नावाच्या थ्रेसच्या माणसाला भाड्याने दिले होते. दर: माणशी रोज एक ओबोल, निव्वळ. सहा ओबोलांचा एक द्राख्मा. म्हणजे निसियसला घरबसल्या रोज एकशे सहासष्ट द्राख्मा आणि चार ओबोल. करारातील पुढचे कलम आम्ही दोनदा वाचले. भाड्याने घेणाऱ्याने गुलामांची संख्या नेहमी हजारच ठेवावी. कोणी मेला तर त्याच्या जागी दुसरा आणून भरावयाचा. माणूस मरण्याविषयी कलमात चकार शब्द नाही; फक्त संख्या घटता कामा नये. कंत्राटी मजूर पुरविण्याचे करार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. 'मनुष्यबळाची संख्या कायम राखण्याची जबाबदारी कंत्राटदाराची' हे वाक्य त्यांत असते. ते वाक्य चोवीसशे वर्षांचे जुने आहे, हे मात्र निसियसमुळे कळले.

येथे नॅशव्हिलची पुन्हा आठवण होते. टेनेसीत १८६५ पर्यंत गुलामगिरी होती. शहरातील ग्रीक धर्तीचे भव्य राज्यभवन १८४५ ते १८५९ या काळात बांधले गेले, ते गुलामांच्या व कैद्यांच्या श्रमावर. गुलामगिरी कायद्याने गेली, तरी राज्य सरकार तुरुंगातील कैदी, त्यांत कृष्णवर्णीयांचाच भरणा, खाणमालकांना भाड्याने देत राहिले. मजुरी मागणाऱ्या खाणकामगारांविरुद्ध हे एक हत्यारच झाले होते. १८९१ साली कोल क्रीक भागातील खाणकामगार उठले. त्यांनी कैद्यांच्या छावणीला वेढा घातला आणि कैदी व पहारेकरी यांना आगगाडीत बसवून परत पाठविले. सैन्य आले, गोळीबार झाला, पुढाऱ्यांची धरपकड झाली. परंतु ही भाडेपद्धती सरकारला सोडावी लागली. १८९६ मध्ये ती संपली. पुढच्याच वर्षी बागेत पार्थेनॉन उभा राहिला. निसियसची रीत ज्यांनी टेनेसीतून घालविली, त्यांचे स्मरण त्या खांबांमध्ये उभे असताना आम्हांला झाल्यावाचून राहिले नाही.

लॉरियनच्या गुलामांना संघटना नव्हती, पण पाय होते. इ. स. पू. ४१३ मध्ये स्पार्टाने अथेन्सच्या मुलखात ठाणे दिले, तेव्हा वीस हजारांहून अधिक गुलाम पळून गेल्याचे थ्युसिडिडीस लिहितो. त्यांत बरेचसे कसबी कारागीर होते. चांदीचा ओघ आटला. ४०६ च्या सुमारास अथेन्सला विजयदेवतेच्या सोन्याच्या मूर्ती वितळवून नाणी पाडावी लागली, आणि तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली घुबडे चलनात आणावी लागली. अशी मुलाम्याची घुबडे आजही सापडतात. संग्राहक त्यांकडे कुतूहल म्हणून पाहतात. आमच्या मते तो एका मोठ्या कामबंदीचा पुरावा आहे.

एक द्राख्मा रोज

आता नावांची गोष्ट. पार्थेनॉनच्या बांधकामाचे वार्षिक हिशेब कोरलेले होते. त्यांचे तुकडे उरले आहेत. त्याहून तपशीलवार आहेत ते शेजारच्या इरेक्थियम मंदिराचे, इ. स. पू. ४०९ ते ४०६ या काळातील. त्यांत कामगारांची नावे आहेत, काम आहे आणि मजुरी आहे. अमक्याने खांबाच्या पन्हळी काढल्या, अमक्याने तुळई चढविली, तमक्याने पट्टीतील एक आकृती कोरली, तिचे साठ द्राख्मा. काही रोजंदारीने, काही ठरावीक कामाच्या दराने. आणि नावांपुढे तो कोण हेही लिहिले आहे: नागरिक, नागरिकत्व नसलेला परका रहिवासी, किंवा अमक्याचा गुलाम.

रोजंदारीचा दर सरसकट एक द्राख्मा. नागरिकालाही तोच, परक्यालाही तोच, गुलामालाही तोच. देखरेख करणाऱ्या स्थापत्यकाराचा दरही दिवसाला एक द्राख्माच. समान कामाला समान दाम ही मागणी आपण आजही दारोदार नेतो. अथेन्सच्या एका मंदिरावर ती पाळलेली दिसते. पण घाईने टाळी वाजवू नये. दर समान होता, तरी गुलामाचा द्राख्मा त्याच्या धन्याच्या हातात पडणार होता. पगारपत्रकावर सही एकाची आणि पैसे दुसऱ्याच्या खिशात, हा प्रकार ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही समानता कोठवर जाते ते कळेल.

या दराने हिशेब केला तर एक घुबड म्हणजे कुशल पाथरवटाची चार दिवसांची हजेरी. आणि खाणीतील गुलामाच्या भाड्याचे चोवीस दिवस. नाणे एकच, देवी एकच. कोणाच्या बाजूने मोजावयाचे एवढाच प्रश्न.

प्लुटार्क या चरित्रकाराने पार्थेनॉनच्या कामावरील खेचराची एक गोष्ट सांगितली आहे. दगड ओढून थकलेल्या जनावरांना मोकळे सोडण्यात आले. त्यांतील एक खेचर आपण होऊन कामावर परत येई आणि जुंपलेल्या जनावरांच्या पुढे पुढे चाले. लोकांनी ठराव करून त्याला मरेपर्यंत सरकारी खर्चाने चारा लावून दिला. म्हाताऱ्या कामगाराला निवृत्तिवेतन देण्याचे हे एक जुने उदाहरण. आणि ते खेचराचे आहे. लॉरियनच्या माणसांसाठी असा ठराव झाल्याचे कोणी लिहून ठेवलेले नाही.

संग्राहकाने काय पाहावे?

ज्यांना नाण्यांची आवड आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. चांगले घुबड घ्यावयाचे तर कंत्राटी कामगाराचा महिन्याचा पगार पुरणार नाही. म्हणून पाहण्याचा आनंद संग्रहालयात घ्यावा हे उत्तम. घ्यावयाचेच झाले तर प्रथम वजन पाहावे. मग कड पाहावी: घणाखाली पाडलेल्या नाण्याची कड ताणून चिरलेली असते, तर साच्यात ओतलेल्या बनावट नाण्याच्या कडेला सांध्याची रेघ आणि अंगावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात. पुष्कळ खऱ्या घुबडांवर छिन्नीचा खोल घाव असतो. तो दोष समजू नये. आत तांबे तर नाही ना, हे पाहण्यासाठी इजिप्तपासून सीरियापर्यंतचे व्यापारी नाणे कापून बघत.

अथेन्समध्ये यासाठी सरकारी पारखी असे. इ. स. पू. ३७५ च्या सुमाराचा त्याविषयीचा कायदा १९७० मध्ये अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेत शिळेवर सापडला. पारख्याने सराफांच्या पेढ्यांपाशी बसावे, खोटे नाणे तेथल्या तेथे कापावे. हा पारखी सरकारी गुलाम असे. साऱ्या बाजाराची पत त्याच्या नजरेवर. आणि तो जागेवर बसला नाही तर पन्नास फटके.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: नाणे आले कोठून हे विचारावे. १९८४ साली तुर्कस्तानात एल्मालीजवळ सुमारे १९०० प्राचीन नाण्यांचा ठेवा चोरून खणला गेला. त्यांत अथेन्सची दहा द्राख्मांची अतिदुर्मिळ नाणीही होती. तो ठेवा अमेरिकेत विकला गेला, तुर्कस्तानने वर्षानुवर्षे दावा लढविला आणि १९९९ मध्ये तो परत मिळविला. चोरून खणलेले नाणे हे जणू पान फाडून घेतलेली वही. त्याच्याबरोबर काय पुरले होते, कोणी पुरले, कधी पुरले, ते सारे जाते. आपल्याकडेही जमिनीत सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला देण्याचा कायदा १८७८ पासून आहे. शेत नांगरताना वा पाया खणताना नाणी लागतात ती बहुधा मजुरालाच. त्याला या कायद्याची आणि त्यातील आपल्या हक्काची माहिती देणे हे संघटनेचेही काम आहे.

देवी आपल्याकडे

अथीना हिंदुस्थानच्या सीमेपर्यंत आली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील मिनँडर, म्हणजे पाली ग्रंथांतील राजा मिलिंद, याच्या चांदीच्या द्राख्मांवर हातात वज्र उगारलेली अथीना आहे. एका बाजूस ग्रीक अक्षरे. दुसरीकडे खरोष्ठी लिपीत त्याला 'त्रातर', म्हणजे त्राता, म्हटले आहे. आमच्या लहानशा पेटीत असे एक नाणे आहे. वजन जेमतेम अडीच ग्रॅम. करंगळीच्या नखावर मावेल एवढी देवी. इ. स. च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी ग्रंथात मिनँडरचे जुने द्राख्मा भडोचच्या बाजारात तोपर्यंत चालत असल्याची नोंद आहे.

या चलनाचा वारसा आमच्या नाशिकपर्यंत पोचतो. क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर राजाच्या मुखाभोवती ग्रीक अक्षरे आहेत. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे अशी तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतील बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. नहपानाचा जावई उषवदात याचा लेख पांडवलेण्यात आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेविले: दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. व्याजातून भिक्षूंची वस्त्रे व खर्च भागवावयाचा. राजाच्या जावयाने विश्वासाने पैसे ठेवावेत अशी विणकरांची संघटना या भूमीत होती, आणि तिचा हिशेबही दगडावर कोरलेला आहे. आमच्या सभासदांना आम्ही हा लेख दाखवावयास नेतो.

अथेन्सची लोकशाही अपुरी होती. बायकांना तीत मत नव्हते, गुलामांना माणूसपण नव्हते, मित्रनगरांना बाहेर पडण्याची मुभा नव्हती. तरीही तिची एक सवय घेण्याजोगी आहे. लोकांचा पैसा कोठून आला, कोणाला किती दिला, हे तिने चव्हाट्यावर कोरून लावले. म्हणूनच तिची थोरवीही आपल्याला कळते आणि तिचा अन्यायही. सार्वजनिक बांधकामावर आज फलक लागतो तो उद्घाटकाच्या नावाचा. त्याशेजारी गवंडी, सुतार आणि बिगारी यांची नावे व त्यांना मिळालेली मजुरी लिहावी, असा आग्रह प्रत्येक नगरपालिकेत आणि प्रत्येक देवस्थानात नागरिकांनी धरावा. इरेक्थियमच्या कारकुनाला जे छिन्नीने जमले, ते आपल्याला छापखाना आणि संगणक हाताशी असता न जमण्याचे कारण नाही.